शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांची सही

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पाचवीतली दोन मुले हातात जाड रजिस्टर घेऊन आमच्या वस्तीत घरोघर फिरत होती. रजिस्टरमध्ये एका पानावर नावांची यादी होती आणि प्रत्येक नावासमोर पेन्सिलीने बारीक फुली मारलेली होती. "बाईंनी सांगितलंय, फुली आहे तिथं सही करा," असे मुले सांगत आणि पालक सही करीत. भांडी घासता घासता कुणी हात पुसून सही केली, कुणी चुलीपुढून उठून केली. आम्हीही केली. वरच्या पानावर काय लिहिले आहे हे आम्ही कुणीच वाचले नाही. आमच्यापैकी एका भगिनीने तेवढे विचारले, "कशाची सही रे ही?" मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही समितीत आहात ना!" आपण कोणत्या समितीत आहोत हे त्या भगिनीला त्या दिवशी प्रथम कळले. तोवर ती त्या समितीची सदस्य होऊन दहा महिने झाले होते.

आमच्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर दाखविलेल्या जागी अंगठा उठविला, कारण त्यांना वाचता येत नव्हते. आम्हाला वाचता येत होते आणि तरीही आम्ही दाखविलेल्या जागी सही केली. ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्यातूनच आम्ही काही पालक या समितीचा कायदा वाचू लागलो, बैठकांना जाऊ लागलो आणि पुढे दोन वर्षे तिचे काम केले. त्या अनुभवातून जे समजले ते समाजबांधवांपुढे, विशेषतः शिकत असलेल्या तरुणांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

समिती कोठून आली?

सर्वांना शिक्षण मिळावे ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला होता. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, असा तो आकडा. शाळा उघडली म्हणजे काम झाले असे नव्हे, मूल शाळेत टिकते की नाही हे कुणीतरी पाहिले पाहिजे, हा त्याचा अर्थ.

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले होते. ती दहा वर्षे उलटून गेली. पुढे २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला (अनुच्छेद २१-अ). त्यानुसार २००९ साली बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे असे ठरविले. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचे काम केवळ सल्ला देण्याचे राहिले. म्हणजे समितीला खरा अधिकार आहे तो जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि शासनाच्या शाळांत. आपल्या वस्त्यांतील गरीब मुले ज्या शाळांत जातात त्या नेमक्या याच होत.

समितीत कोण असते?

महाराष्ट्रात ही समिती साधारणतः १२ ते १६ सदस्यांची असते. त्यातील ७५ टक्के सदस्य त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत. बारा जणांची समिती असेल तर त्यात नऊ पालक. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा एक निर्वाचित सदस्य, एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ असतो. एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे, हे कायद्यातच लिहिले आहे. अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांतूनच निवडायचे असतात. मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव असतात. दोन विद्यार्थीही बैठकीला बसतात. समितीची मुदत दोन वर्षांची आणि बैठक महिन्यातून किमान एकदा.

पालक सदस्यांची निवड पालकसभेत व्हावयाची असते. येथेच पहिली चूक होते. सभेची सूचना फळ्यावर लिहिली जाते, ती मुलांनी वाचून घरी सांगावी अशी अपेक्षा असते आणि सभा असते सकाळी अकरा वाजता. त्या वेळी बांधकामावर, शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला गेलेली आई येणार कशी? एक दिवसाचा रोज बुडवून ती येत नाही. मग हजर असलेल्या सात-आठ जणांतून नावे भरली जातात आणि उरलेली नावे हजेरीपटावरून घेतली जातात. आमच्या त्या भगिनीचे नाव असेच आले होते. यात मुख्याध्यापकांचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना कागद वेळेत पाठवायचा होता आणि आम्ही गेलो नव्हतो.

पुढच्या वेळी आम्ही एकच मागणी केली. पालकसभा आणि मासिक बैठक कामाची वेळ संपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी सकाळी घ्यावी. मुख्याध्यापकांनी थोडी कुरकुर केली, कारण शिक्षकांनाही घर असते. शेवटी एक महिना त्यांच्या सोयीने, एक महिना आमच्या सोयीने, असे ठरले. एवढ्या एका बदलाने उपस्थिती तीन-चारांवरून दहा-अकरावर गेली.

समितीची कामे

कायद्याने समितीला तीन मुख्य कामे दिली आहेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे. वाचताना हे शब्द जड वाटतात. प्रत्यक्षात ही कामे एखादी गृहिणी घरात रोज करते तशीच आहेत. कोण आले, कोण गेले, काय आणले, किती उरले, एवढेच पाहायचे असते.

पहिली देखरेख शिक्षकांच्या संख्येवर. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार आणि १२१ ते २०० पर्यंत पाच शिक्षक हवेत. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. आमच्या शाळेचा पट होता ९६ आणि शिकवायला होते तीन शिक्षक. त्यांतील एक बहुतेक वेळ कार्यालयाच्या कामात. आकडा माहीत नव्हता तोवर आम्ही "शिक्षक कमी आहेत" अशी तक्रार करीत होतो आणि वरून "बघू" असे उत्तर येत होते. अनुसूची वाचल्यावर आम्ही "पट ९६, शिक्षक ४ हवेत, आहेत ३" असा ठराव केला. चौथ्या शिक्षिका यायला पुढे सात महिने लागले, परंतु त्या आल्या.

शिक्षकांना शिकविण्याशिवाय दुसरी कामे लावण्यावरही मर्यादा आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच कामे कलम २७ प्रमाणे त्यांना देता येतात. शिक्षक वर्गात नाही म्हणून त्याच्यावर चिडण्यापूर्वी तो कोणत्या कामाला पाठविला गेला आहे हे विचारावे. पुष्कळदा तोही आपल्याइतकाच त्रासलेला असतो आणि समितीचा ठराव त्याच्याही उपयोगी पडतो. वर्षात पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी देखरेख आहाराची. १९९५ साली देशभर सुरू झालेली ही योजना २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. जेवणातून अनुक्रमे ४५० व ७०० कॅलरी आणि १२ व २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी अन्न चाखून पाहावे असाही दंडक आहे. आम्ही पाळीने जाऊ लागलो. खिचडीत डाळ किती आहे हे सांगायला आयांना वजनकाटा लागत नाही. कुणी काही बोलले नाही, तरी दुसऱ्या आठवड्यापासून डाळ दिसू लागली.

पंगतीकडेही पाहावे लागते. कोण कोठे बसते, पाणी कोण कुणाला देते, वर्ग आणि संडास झाडायला नेहमी त्याच मुलांना सांगितले जाते काय? वर्गात, जेवणाच्या वेळी, खेळाच्या मैदानावर, पिण्याच्या पाण्यापाशी किंवा सफाईच्या कामात कोणत्याही मुलाला वेगळे काढता येणार नाही, असे या कायद्याखालील नियम सांगतात. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा आणि दुसऱ्याने वरून ओतल्याशिवाय पाणी न मिळणारा विद्यार्थी कोण होता, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांचा शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतातच. त्याच दिवशी समितीने शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी अर्धा तास उभे राहावे, अशी आमची सूचना आहे.

कुलूप आणि किल्ली

आमच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह होते. कागदावर ते होतेच आणि जागेवरही होते, परंतु त्याला कुलूप होते. पाणी नसल्याने घाण होते म्हणून कुलूप आणि किल्ली कार्यालयात. पाचवीतल्या मुली सकाळपासून पाणी पीत नसत. काही मुली मधल्या सुटीत घरी जात आणि परत येत नसत. हजेरीपटावर त्या हजर असत. ही गोष्ट समितीला कोणत्याही अहवालातून कळली नाही. बैठकीला बसणाऱ्या विद्यार्थी प्रतिनिधी मुलीने ती खाली मान घालून सांगितली, आणि तीही पुरुष सदस्य उठून गेल्यावर. समितीत निम्म्या महिला आणि विद्यार्थी कशासाठी ठेवले आहेत, ते आम्हाला त्या दिवशी समजले.

समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार शाळेला संयुक्त अनुदान ठरलेले आहे. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५० हजार रुपये, असे त्याचे प्रमाण. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. आम्ही मागील वर्षाचा खर्च वाचायला मागितला. रंगकाम, फलक, झेरॉक्स असा तो होता. त्यात अपहार नव्हता, पण पाण्याची टाकी आणि नळही नव्हता. पुढच्या हप्त्यातून प्रथम छोटी टाकी व जोडणी घ्यावी असा ठराव झाला. वस्तीतल्या एका नळकारागीर पालकाने मजुरी घेतली नाही. किल्ली कार्यालयातून काढून मुलींच्याच वर्गात टांगली. याला आम्ही मोठे यश म्हणत नाही. पाणी अजूनही उन्हाळ्यात कमी पडते. पण मुली पाणी पिऊ लागल्या आणि दुपारनंतरही वर्गात दिसू लागल्या.

गणवेशाचेही असेच. योजनेत दोन गणवेशांसाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये धरलेले असतात. २०२४-२५ साली राज्यपातळीवरून गणवेश देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा अनेक ठिकाणी ते उशिरा आले आणि मापात बसले नाहीत. २०२५-२६ पासून ती जबाबदारी पुन्हा समितीकडे देण्यात आली. जबाबदारी आली म्हणजे दर मागविणे, कापड हाताने पाहणे आणि पावती ठेवणे आले. वस्तीत शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, त्यांचाही विचार समितीला करता येतो.

आराखडा आणि ठराव

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो. त्यात इयत्तावार पट किती राहील, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, स्वच्छतागृहे, कुंपण, ग्रंथालय यांत काय उणे आहे आणि त्याला वर्षवार किती पैसे लागतील, हे लिहावयाचे असते. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तो स्थानिक प्राधिकरणाकडे गेला पाहिजे. अनेक शाळांत तो मागील वर्षाचा उतरून काढलेला असतो. तो समितीने शाळेत फिरून, प्रत्येक खोलीत उभे राहून तयार करावा. दोन तास लागतात. पुढे "मागणीच नव्हती" असे म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

बैठकीचे कामकाज कसे चालवावे याचेही काही नियम आम्ही घालून घेतले. विषय आधी कळवावेत. मागील इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे ज्यांना वाचनाची सवय नाही त्यांनाही कळते. ठराव बैठकीतच लिहावा आणि सह्या त्याच्या खाली, लगेच घ्याव्यात. कोरी जागा राहिली तर त्यावर रेघ मारावी. रजिस्टर घरोघर फिरवू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की बौद्ध भिक्खुसंघाला संसदीय कामकाजाचे सारे नियम माहीत होते, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीसुद्धा. सभेची शिस्त आपल्याला परकी नाही, हे एवढ्यासाठी सांगावयाचे.

ठराव करूनही दाद लागली नाही तर मार्ग आहेत. प्रथम केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी किंवा नगरपालिकेचे शिक्षणविषयक अधिकारी. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तिचा निर्णय तीन महिन्यांत झाला पाहिजे आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. माहिती हवी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांत अर्ज करता येतो व ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ही फी नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी.

तथापि एक सावधगिरी सांगितली पाहिजे. समिती म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. आमच्यातील काहींनी सुरुवातीला शिक्षकांना मुलांसमोर जाब विचारला. त्याचा परिणाम उलट झाला. शिक्षक अंग चोरू लागले आणि मुलांनाही ते पाहून काही चांगले शिकायला मिळाले नाही. ती चूक आमची होती. पुढे आम्ही ठरविले की तक्रार बैठकीत करायची, कौतुक वर्गात करायचे. मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे कलम १७ ने बंद केले आहे, त्याबाबत तडजोड नाही. बाकी गोष्टी बोलून सुटतात.

शिकलेल्यांची जबाबदारी

आता थोडे अप्रिय बोलावे लागते. आपल्यापैकी ज्यांना नोकऱ्या लागल्या त्यांनी आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत घातली. त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही, आम्ही स्वतः धाकट्या मुलाच्या बाबतीत तेच केले. परंतु त्यामुळे असे झाले की शाळेच्या समितीत बसणारे पालक हे वस्तीतले सर्वांत गरीब, सर्वांत दमलेले आणि कागदाला सर्वांत जास्त भिणारे पालक राहिले. ज्यांना अर्ज लिहिता येतो, कायदा वाचता येतो, ते बाहेर पडले. पट कमी होत गेला. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा अनेक लहान वस्त्यांना धास्ती वाटली ती याचमुळे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी असा नियम आहे. शाळा लांब गेली तर प्रथम शाळा सुटते ती मुलींची.

ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत त्यांना पालक सदस्य होता येत नाही. पण स्थानिक शिक्षणतज्ज्ञाची जागा असते. ती पुष्कळदा रिकामी किंवा नावापुरती भरलेली असते. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, महाविद्यालयात शिकलेल्या मुली यांनी ती मागून घ्यावी. आपल्या संस्थेने दर वर्षी जूनमध्ये विहारात एक दिवस पालक सदस्यांसाठी ठेवावा. त्यांना कायद्याची कलमे, अनुदानाची कोष्टके आणि ठरावाचा नमुना समजावून द्यावा. विद्यार्थ्यांनी शनिवारी एक तास शाळेत जाऊन तिसरीतल्या मुलांना वाचायला बसवावे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट २०२१ च्या निपुण भारत अभियानात ठेवलेले आहे. ते आपल्या वस्तीत पूर्ण झाले की नाही हे पाहायला दुसरे कुणी येणार नाही. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसाठी पात्र असलेल्या किती मुलींचे अर्ज जातीच्या दाखल्याअभावी किंवा बँक खात्याअभावी राहिले, याची यादी करणे हेही विद्यार्थ्यांना सहज जमणारे काम आहे.

त्या पहिल्या संध्याकाळी "कशाची सही ही?" असे विचारणाऱ्या भगिनी पुढे समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. आजही त्या चार घरची धुणीभांडी करतात. मुख्याध्यापकांनी कागद पुढे केला की त्या तो हातात घेतात, चष्मा लावतात आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतात. वेळ लागतो, पण सर्व जण थांबतात. वाचून झाल्यावर एखादा शब्द अडला तर विचारतात आणि मग सही करतात. समितीच्या कामाचे पहिले आणि शेवटचे कलम हेच, असे आम्हाला वाटते. आपल्या मुलांच्या शाळेत या महिन्याची बैठक कधी आहे, हे प्रत्येक पालकाने उद्याच विचारून यावे.